ज्याच्या त्याच्या श्वासापुरतं

आमचे डॉक्टर नवीन माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, खांद्यांकडे बघायचे. समोरचा आपला नाव, गाव, मुलगा कुठे, सून कुठली हे सगळं सांगतोय, आणि हे डोळे बारीक करून त्याचे खांदे न्याहाळतायत. पुरुषांना वाटायचं शर्टावर काही सांडलंय. बायका पदर सावरायच्या. मीसुद्धा सावरला होता.

गणपतीचं पॉटलक होतं, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ करून आणायचा, इकडे अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्या कॉलनीच्या क्लबहाउसमध्ये. लेकीकडे राहायला येऊन मला दोनेक वर्षं झाली असतील. आरतीला पेटी मी वाजवली होती, कारण दुसऱ्या कुणाला येत नव्हती. मला येत होती असंही नाही. साताऱ्याला भजनी मंडळात बायकांच्या मागे वाजवून वाजवून हात बसला, एवढंच. गुरू नाही, परीक्षा नाही. तर जेवणाच्या रांगेत हे उंच, किंचित वाकलेले गृहस्थ माझ्या मागे उभे. मी बोलायला लागले. मला कुणी लागत नाही, नुसती रांग पुरते. पेटी विमानातून कशी आणली, भाता कसा फाटला, जावयांनी तो टेप लावून कसा चिकटवला, सगळं सांगितलं. भाताच्या पातेल्यापासून जिलबीपर्यंत आम्ही पोचलो तरी हे गप्पच. शेवटी म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाक्य संपल्यावर श्वास घेत नाही, मध्येच घेता. म्हणून तुमचं बोलणं कुणाला तोडता येत नाही."

मला कळेना, ही स्तुती म्हणायची की टोमणा. तेवढ्यात म्हणतात, "शनिवारी दुपारी पेटी घेऊन माझ्याकडे या. असा माणूस मी शोधतोय."

हे भूल देणारे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि परत उठवलं. मुंबईहून आधी विलायतेला गेले होते, तिथून अमेरिकेला, आणि आता रिटायर होऊन एकटेच राहायचे. बायको वारलेली. दोघी मुली कॅलिफोर्नियात. त्या रविवारी फोन करायच्या तेव्हा हे सांगायचे, "बिझी आहे, नंतर कर." आणि बिझी खरंच असायचे. जेवायच्या टेबलावर कागद, पियानोवर कागद, गेस्ट रूमच्या पलंगावर कागद. पाहुणा आला तर कुठे झोपेल, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "म्हणून तर पाहुणे येत नाहीत."

काय करायचे, तर इंग्रजांचं जे मोठमोठं संगीत असतं, शंभर-दोनशे माणसांनी गायचं आणि भल्यामोठ्या ऑर्केस्ट्राने वाजवायचं, ते घेऊन आमच्यासारख्या दहा-बारा जणांसाठी नव्याने लिहून काढायचे. लोक त्याला अरेंज करणं म्हणतात. डॉक्टर म्हणायचे, बेतणं. शिंपी कापड बेततो तसं. मला आधी वाटलं, यात काय आहे, मोठ्यातलं थोडं थोडं घ्यायचं. मग एकदा मीच त्यांना सांगितलं, की डॉक्टर, लग्नाच्या पंगतीची आमटी चौघांसाठी करायची तर सगळं शंभराने भागून चालत नाही. डाळ भागता येते, मीठ भागता येत नाही, फोडणी तर नाहीच. ते हातातली पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. पुढे कितीतरी दिवस, कुणी विचारलं की तुम्ही हे कसं करता, तर सांगायचे, "या वहिनींना विचारा, यांना थिअरी येते."

आम्ही होतो तरी कोण. हॅरल्ड म्हणून एक शेजारी, शाळेची बस चालवून रिटायर झालेला. तो बासून वाजवायचा. बासून म्हणजे हे एवढं माणसाच्या उंचीचं लाकडी नळकांडं, आणि आवाज जेवून सावलीत बसलेल्या म्हशीसारखा, तृप्त. केतकी म्हणून पुण्याची मुलगी, युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती, तिचं व्हायोलिन. माझी पेटी. बाकी गाणाऱ्या आम्ही पाच-सहा बायका आणि दोन पुरुष, त्यातल्या एकाला बायकोने घरात टीव्ही बघत बसू नये म्हणून पाठवलेलं. एवढ्यांत डॉक्टर विलायतेचा ऑर्केस्ट्रा बसवायचे. शिंगांचं काम माझ्या पेटीला, ऑर्गनचंही माझ्याच पेटीला. मी म्हटलं, अहो एक हात भात्यावर असतो, उरलेल्या एका हाताने किती करू. तर म्हणाले, "म्हणूनच तर तुमचा भाता जिथे परत फिरतो तिथे मी काही लिहिलेलंच नाही. बघा कागद." बघितला. खरंच नव्हतं.

त्यांच्या कागदांवर वाद्याचं नाव नसायचं. माणसाचं असायचं. वर 'व्हायोलिन' नाही, 'केतकी'. 'बासून' नाही, 'हॅरल्ड'. एकदा हॅरल्ड महिनाभर मुलाकडे गेला, तेव्हा केतकीने तिच्या ओळखीचा एक बासूनवाला आणला, चांगला शिकलेला. त्याला कागद दिला तर तो गोंधळला. मध्येच थांबायला लिहिलंय, सूर चालू असताना थांबायला लिहिलंय, हे काय. डॉक्टर म्हणाले की तिथे हॅरल्डला दम लागतो, तुला लागत नसेल तर तुझं वेगळं लिहावं लागेल, उद्या ये. आणि खरोखर रात्रीत नवीन लिहून काढलं.

लिहिताना डोक्याला ऑपरेशनवाल्यांची हिरवी टोपी असायची. प्रॅक्टिसलाही तीच. पेन्सिल टोपीत खोचलेली. कुणी अत्तर, पर्फ्यूम लावून आलं तर दारातूनच परत, "धुऊन या." कारण विचारायची सोय नव्हती. गाडी इतकी सावकाश चालवायचे की हायवेवर लोक त्यांना बघून हात करायचे, आणि ते हात मैत्रीचे नसायचे. छान हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. एखादी गोष्ट अगदी मनासारखी जमली तर म्हणायचे, "पेशंट शुद्धीवर आला." जमली नाही तर नुसते, "अजून झोपेत आहे." टीव्ही बघत बसू नये म्हणून आलेला तो गृहस्थ दोन वर्षं झोपेतच होता. पण डॉक्टरांनी त्याला काढलं नाही. त्याच्यासाठी एकच सूर लिहायचे, सगळ्या गाण्यात एकच, आणि तो सूर काढला की बाकीचं गाणं खरोखर पोकळ वाटायचं. त्या माणसाची मान तेवढ्याने ताठ झाली होती.

मला इंग्रजी संगीताचं रेघांवरचं लिहिणं वाचता येत नाही, हे मी पहिल्या शनिवारीच सांगून टाकलं. मला वाटलं, सुटले. तर त्यांनी माझं सगळं सारेगममध्ये लिहून आणलं. पांढरी एकवर सा धरायचा असं ठरलं. आम्ही सुरू केलं, सगळं नीट चाललं होतं, आणि मध्येच असा काही कालवा झाला की हॅरल्डने बासून तोंडातून काढलं. आता या इंग्रजी संगीताची एक खोड असते. गाणं चाललेलं असताना मध्येच ते घर बदलतं. आपल्याकडे एकदा तंबोरा लावला की सा तिथेच, देव उठला तरी हलायचा नाही. यांचं गाणं उठून शेजारी राहायला जातं. तर ते गेलं, आणि मी आपली माझा सा उचलून त्याच्या मागोमाग गेले, कारण कानाला ऐकू येत होतं की आता घर हे आहे. आणि कागदावरचा ग त्या नव्या घरातून मोजला. डॉक्टरांनी तर सगळं जुन्याच घरातून लिहिलेलं.

"वहिनी, तुमचा सा कुठे आहे?"

म्हटलं, "गाणं गेलंय तिथे."

मला वाटलं आता बोलणी बसणार. तर ते खुर्चीवर बसले आणि मोठ्याने हसले. मग सांगितलं, की विलायतेत ते ज्या गावच्या हॉस्पिटलात होते, ते उत्तरेकडचं, सुताच्या गिरण्यांचं गाव. तिथल्या कोरसमध्ये म्हाताऱ्या कामगारांना रेघांवरचं वाचता यायचं नाही. त्यांच्या कागदावर माझ्यासारखीच अक्षरं असायची, आणि त्यांचाही सा असाच, गाणं जाईल तिकडे जायचा. "चाळीस वर्षांनी परत भेटलात," असं म्हणाले, जणू मी त्या गिरणीतून सुटून साताऱ्याला गेले होते. दुसऱ्या शनिवारी माझा सगळा कागद बदललेला. जिथे जिथे घर बदलतं तिथे एक छोटी पिशवी काढलेली. सा उचला, निघा.

या कोरसमध्ये ते पडले तेही गंमतच. थंडीचे दिवस, हा पोरगेला डॉक्टर खोलीत एकटाच बसून राहतो म्हणून हॉस्पिटलातला स्ट्रेचर ढकलणारा माणूस त्यांना ओढून घेऊन गेला. म्हणाला, उंच आवाजाचे पुरुष कमी पडतायत, तुला येतं का काही. यांना शाळेत म्हटलेल्या प्रार्थनेपलीकडे काही येत नव्हतं. उभं केलं मध्ये. आणि दोन्ही बाजूंनी जेव्हा वेगवेगळे सूर एकदम उठले, तेव्हा, डॉक्टर म्हणायचे, "मला पहिल्यांदा त्या देशात गरम वाटलं."

आमच्या मराठी बायकांची मात्र वेगळीच अडचण. चार जणींना चार वेगळे सूर दिले, तरी दोन ओळींत सगळ्या मिळून एकाच चालीवर. जिला जास्त आत्मविश्वास, तिच्याकडे सगळ्या सरकायच्या. जन्मभर एका सुरात आरती म्हटलेली, दुसरं काय होणार. डॉक्टर थकले. मग त्यांनी एक वाक्य काढलं, ते आमच्यात म्हणीसारखंच झालं. "शेजारणीचं ऐका, पण तिच्या घरी राहायला जाऊ नका." आणि ज्या बायकांचं आयुष्यात एकमेकींशी कधी जमलं नाही अशांना शोधून शेजारी शेजारी उभं केलं. माझ्या शेजारी आणली माझी मोठी जाऊ.

तिला सगळे माई म्हणतात. माहेर वर्ध्याकडचं. आता जाऊ म्हणजे काय ते मी सांगायला नको. तीस वर्षांत एका गोष्टीवर आमचं एकमत झालं असेल तर ते सासूबाईंबद्दल. मी आमटीत गूळ घातला की माई ताटात पोळी मोडायच्या थांबायच्या. मी काही निम्मं करून उठले की माई ते पुसून पहिल्यापासून करणार. कणीक मी मळली तर त्या पुन्हा मळणार, घडी मी घातली तर पुन्हा घालणार. त्या कॅरीला मुलाकडे, मी दहा मिनिटांवर मॉरिसव्हिलला लेकीकडे. सातासमुद्रापार येऊनही देवाने आम्हाला एका पिनकोडाशेजारी ठेवलं होतं. पण गळा त्यांचा फार गोड, अगदी बारीक आणि सरळ. आणि डॉक्टरांचा हिशेब बरोबर निघाला. मी जो सूर धरीन तो माईंनी चुकूनही धरला नाही.

मग त्यांना तो आजार निघाला. फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात, हवा आत घ्यायला जागाच राहत नाही. नाकात नळी आली, चाकांवरचं छोटं सिलिंडर आलं. चार जिने चढणाऱ्या माई बाथरूमपर्यंत गेल्या तरी पलंगावर बसून राहायच्या. आणि हे सगळं नेमकं आमच्या कॉन्सर्टच्या आधी. वसंतात चर्चच्या हॉलमध्ये आम्ही पहिल्यांदाच बाहेरच्या लोकांपुढे गाणार होतो. दिवस मावळताना म्हणायची एक जुनी इंग्रजी प्रार्थना होती, मूळ दोनशे जणांसाठी लिहिलेली.

माईंच्या मुलाने, श्रीरंगने, त्यांचं गाणं कॅन्सल करून टाकलं. आई पहिल्या रांगेत बसून ऐकेल, तिला शाल घालू, फोटो काढू. माईंनी ते ऐकलं आणि दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला फोन. दोन-दोन शब्दांवर थांबत म्हणाल्या, "मला शालबिल नको. मला मेल्यासारखं पहिल्या रांगेत बसवू नका. मला गायचंय. तुझ्या त्या डॉक्टरला सांग." आयुष्यात माईंनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते हे.

मी सांगितलं. डॉक्टर त्याच दिवशी त्यांच्या त्या संथ गाडीने कॅरीला गेले, मीही बरोबर. श्रीरंग ऑफिसातून लवकर आला होता, रागातच होता.

"काका, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात. तुम्हीच तिला नको म्हणून सांगायचं, तर तुम्ही उलट..."

"मी हो म्हणायला आलेलो नाही, नाही म्हणायलाही नाही. मोजायला आलोय. माई, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. या वहिनींबद्दल बोला."

झालं. माईंना तेवढंच हवं होतं. गुळापासून सुरुवात झाली. डॉक्टर समोर बसून त्यांचे खांदे बघत राहिले, बोटांनी मांडीवर काहीतरी मोजत. माझ्या माहेरापर्यंत पोचेस्तोवर माईंना पाच-सहा वेळा थांबावं लागलं. मग डॉक्टरांनी त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना फोन लावला, दाराबाहेर जाऊन बराच वेळ बोलले. परत येऊन श्रीरंगला म्हणाले, की त्यांचं म्हणणं नळी लावून, बसून, हळू गायला हरकत नाही, दमवायचं नाही.

"आणि तिथे सगळ्यांसमोर तिला काही झालं तर?"

"तर मी आहे. चाळीस वर्षं तेच केलंय." मग जरा थांबून म्हणाले, "श्रीरंग, त्या गिरणीच्या गावात आमच्या कोरसमधल्या निम्म्या लोकांच्या छातीत सुताची धूळ बसलेली होती. जिना चढता येत नव्हता त्यांना. आणि तेच लोक असा लांब सूर धरायचे की ऐकणाऱ्याला वाटावं यांना श्वासच लागत नाही. कसं? कुणीही शेजाऱ्याबरोबर श्वास घ्यायचा नाही. याचा तुटतो तिथे त्याचा चालू असतो. कुणाचा कुठे तुटतो, ते शेजाऱ्याला पाठ. मी दुसरं काही शिकलेलोच नाही. हे एवढंच मी सगळ्यांना बेतून देतो."

श्रीरंगने आईकडे बघितलं. मग म्हणाला, "ओके. पण ड्राइव्ह मी करणार. तुम्ही नाही."

तेव्हापासून दर शनिवारी प्रॅक्टिसच्या आधी डॉक्टर माईंकडे चहाला जायचे. त्यांना बोलतं करायचे, ऐकायचे, आणि मग आमच्याकडे येऊन कागद खोडायला लागायचे. माईंचा श्वास आठवड्यागणिक कमी होत होता, आणि तेवढं त्यांचं गाणं आखूड व्हायचं. जे त्यांच्याकडून निघालं ते आमच्यात वाटून द्यायचे, थोडं माझ्या पेटीला, थोडं केतकीला, थोडं हॅरल्डला. त्यामुळे एकीचं बदललं की सगळ्यांचं बदलायचं. केतकी एकदा कुरकुरली, की काका, मागच्या आठवड्याचं माझं आत्ता कुठे बसत होतं. डॉक्टर खोडतच म्हणाले, "मागच्या आठवड्यातल्या माई आता नाहीत." त्यानंतर कुणी कुरकुरलं नाही.

माईंना हे कळत नव्हतं असं नाही. मला म्हणाल्या, "तुझे डॉक्टर मला कापतायत." मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्यांना लागलं ते. "कापत नाही हो. बेततोय. अंगाला मोठं झालेलं घालून माणूस अडखळून पडतो."

पुढे दोन हजार आठमध्ये मुली डॉक्टरांना कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला घेऊन गेल्या, आणि तिथे ते फार जगले नाहीत. पण मला त्यांचं कुणी विचारलं की मी हाच वसंत सांगते. किती लोकांना त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावरून परत आणलं असेल, ते मला ठाऊक नाही. एका बाईला पहिल्या रांगेतून उठवून गाणाऱ्यांत नेऊन बसवलं, ते मी डोळ्यांनी बघितलं.

आमच्या मॉरिसव्हिलकडे वसंत म्हणजे पाइनच्या झाडांच्या परागांची पिवळी भुकटी. गाड्या पिवळ्या, ओटे पिवळे, तळ्यातली बदकं पिवळी. धडधाकट माणसं शिंकतात. कॉन्सर्टच्या दिवशी डॉक्टर सकाळपासून चर्चच्या हॉलमध्ये. खिडक्या बंद करवल्या, सगळ्या खुर्च्या ओल्या फडक्याने पुसायला लावल्या. चर्चच्या बायका कॉफीची तयारी करत होत्या, त्यांना वाटलं भारतीयांचा काही विधी असेल, त्यांनीही फडकी घेतली.

श्रीरंगने माईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं. हिरवी नारायणपेठी, नाकात नळी, नथ नाही, कारण नळी आणि नथ दोन्ही राहत नव्हतं. माझ्या पेटीशेजारी त्यांची खुर्ची. मला म्हणाल्या, "भाता सारखा फसफसवू नकोस." म्हटलं, बरं.

सगळं डॉक्टरांनी लिहिलं तसं चाललं होतं. ताल त्यांनी इतका संथ धरला होता की पहिल्या रांगेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या प्रेसिडेंटनी घड्याळ बघितलं. पण तो माईंचाच ताल होता, त्यांच्या श्वासाच्या आत-बाहेरचा. माई आपल्या वाट्याचं तेवढं म्हणत होत्या, थांबत होत्या, आणि त्या थांबल्या हे कुणाला कळत नव्हतं, कारण तेवढ्यात दुसरं कुणीतरी तिथे असायचं.

शेवटी एक लांब सूर होता. प्रार्थनेचा शेवटचा शब्द. तो माईंनी सुरू करायचा, चार ठोके धरायचा आणि सोडून द्यायचा. मग माझी पेटी. मग केतकी. शेवटी एकटा हॅरल्ड, आणि तोही विरत जायचा. संपलं. मूळ गाण्यात इथे दोनशे माणसं होती.

माईंनी धरला. चार ठोके झाले, मी पेटीवर अलगद तोच सूर घेतला. केतकीने घेतला. डॉक्टर हॅरल्डकडे वळले, त्याला खूण केली, त्याने घेतला. मी बोट उचललं, केतकीने गज उचलला, हॅरल्डचा दम संपत आला आणि तो गप्प झाला.

आणि माईंचा सूर होताच.

बारीक, सरळ, निरांजनाच्या ज्योतीएवढा. डॉक्टरांचा उजवा हात वर राहिलेला, संपलं म्हणून सांगायला उचललेला, तो खाली येईना. लिहिलेलं सगळं संपलं होतं. पुढे कागदच नव्हता. माझी त्यांच्याकडे समोरून नजर होती, तुम्हाला सांगते, त्या माणसाने आपला स्वतःचा श्वास आत धरून ठेवला होता. हॉलमध्ये कॉफीच्या कपांचासुद्धा आवाज नाही. माईंनी डोळे मिटले होते. जेव्हा त्यांना सोडायचा होता तेव्हा त्यांनी सूर सोडला. मग हात खाली आला.

टाळ्या झाल्या, लोक उभे राहिले, ते सगळं झालं. श्रीरंग पाणी घेऊन धावत आला. डॉक्टर तिथवर येऊन माईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी मोजत राहिले. शेवटी माईच म्हणाल्या, थांबत थांबत, "डॉक्टर, तुम्ही मला कमी लिहिलंत."

"हो," ते म्हणाले. "चुकलं माझं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलेलं नाही, नंतरही नाही. मग म्हणाले, "पण मधे श्वास घेतलात. मला दिसला नाही. कुठे घेतलात?"

माईंनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हिच्या पेटीखाली. तुम्ही त्या बाजावाल्याकडे बघत होतात. ही वाजवायला लागली की कुणाला काही ऐकू येत नाही, म्हटलं, एवढा तरी उपयोग करून घ्यावा."

श्रीरंग हसायला लागला, हसता हसता त्याने तोंड फिरवलं. डॉक्टरांनी टोपीतली पेन्सिल काढली, माईंच्या मांडीवरचा कागद घेतला, आणि तो शेवटचा सूर त्यांच्या नावासमोर पानाच्या कडेपर्यंत लांबवला. माई बघत होत्या. म्हणाल्या, "नुसतं लिहून ठेवू नका. शनिवारी घ्या."

शनिवारी त्यांना बाहेर पडता आलं नाही. आम्ही कॅरीला गेलो, डॉक्टर आणि मी, पेटी घेऊन. माई उशांना टेकून बसल्या होत्या. नळीतल्या हवेचा आवाज त्यांच्या बोलण्याहून मोठा होता. मला वाटलं, डॉक्टर कागद खोडतील, लांबवलेलं परत आखूड करतील. त्यांनी पेन्सिल काढलीच नाही. कागद जसा होता तसा त्यांच्यापुढे धरला, मला म्हणाले सूर द्या, आणि उठून खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

माईंनी धरला. निम्म्यापर्यंत आल्या आणि पुढे जाता येईना. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भाता भरला आणि तिथून पुढचा सूर घेतला, पानाच्या कडेपर्यंत नेला. माईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हातचं अर्धं राहिलेलं मी पुरं केलं, आणि ते कसं केलं यावर माई एक शब्द बोलल्या नाहीत.